दगडावरचा निवडुंग, मुठीतले बोरू

वाचकांचे प्रश्न

मेक्सिकोतल्या नावात्ल भाषेच्या चित्रलिपीबद्दल बरीच पत्रं आली. नावात्ल ही अझ्टेक लोकांची भाषा, आजही पंधरा लाखांहून जास्त लोक ती बोलतात. काही जण स्पॅनिश लेखनावरून तिला 'नाहुआत्ल' लिहितात, भाषा तीच. बहुतेक पत्रांचा रोख माणसांच्या नावांत येणाऱ्या झाडाफुलांवर आहे, म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मेंडोसा कोडेक्स या जुन्या मेक्सिकन हस्तलिखिताचं एक पान संगणकावर पाहिलं. माणसं बसलेली आहेत आणि प्रत्येकाला बारीक रेघेनं एक चित्र जोडलेलं आहे. एकाला निवडुंग, एकाला ससा आणि बोरूचं पातं. ही माणसं शेतकरी किंवा माळी होती का? आपल्याकडे 'फुले' हे आडनाव फुलांच्या व्यवसायावरून पडलं, तसं काही? — एक वाचक, कोथरूड

नाही. ती चित्रं व्यवसाय सांगत नाहीत, स्वभावही नाही आणि कुळाचं दैवतही नाही. ती नावं आहेत आणि मोठ्यानं वाचायची आहेत. या लिपीकडे बघताना पहिली चूक इथेच होते. चित्र ओळखलं की अर्थ कळला असं वाटतं आणि आपण उच्चारापर्यंत जातच नाही.

तुम्ही पाहिलेलं पान दुसरं आहे, त्याची पुढची बाजू. हे हस्तलिखित १५४१ च्या सुमारास मेक्सिको शहरात तयार झालं, आता ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पानाच्या मधोमध मोठा निवडुंग आहे आणि त्यावर गरुड, म्हणजे तेनोचतित्लान या राजधानीची स्थापना. भोवती दहा पुढारी बसले आहेत. त्यातला निवडुंगवाला जरा जवळून बघा. निवडुंग नुसता उभा नाही. त्याच्या बुडाशी एक लांबट, दोन्ही टोकांना वळलेला, पट्ट्यापट्ट्यांचा आकार आहे. तो दगड. दगडाला नावात्लमध्ये 'तेत्ल' म्हणतात आणि फड्या निवडुंगाच्या फळाला 'नोच्त्ली'. शेवटचे प्रत्यय गळले की उरतं ते आणि नोच. माणसाचं नाव तेनोच.

इथे एक बारकावा आहे. चित्रात अख्खं झुडूप आहे, पण वाचायचं फळाचं नाव. झुडपाला 'नोपाल्ली' म्हणतात. ते वाचलं तर 'तेनोपाल' होईल, आणि असं नाव कुणाचंच नाही. तेव्हा कोणतं झाड आहे एवढं ओळखून भागत नाही. त्या झाडाशी जोडलेल्या दोन-तीन शब्दांपैकी नावात कोणता बसतो हे पाहावं लागतं.

पुण्यातल्या वाचकांना याचं फार नवल वाटू नये. नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहेच. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. फक्त मराठीत आपण फड्या आणि तीनधारी अशा दोन्ही झाडांना निवडुंग म्हणतो. चित्रातला आहे तो फड्या, चपट्या पानांचा, मूळचा अमेरिका खंडातला. तीनधारीचं कूळच निराळं.

ससा आणि बोरूवाला आहे आकासित्ली : 'आकात्ल' म्हणजे बोरू, वेत, तत्सम गवत आणि 'सित्ली' म्हणजे रानससा. त्याच पानावर एक झाड आणि पाणी अशी जोडी आहे, तो आवेशोत्ल. 'आत्ल' म्हणजे पाणी, 'वेशोत्ल' म्हणजे वाळुंजाच्या जातीचं झाड.

प्रश्न : अशी नावं स्वतः वाचून बघायची तर सुरुवात कशी करावी? शब्दकोश हाताशी ठेवला तरी गाडी अडते. — दोघी मैत्रिणी, सदाशिव पेठ

शब्दकोशात शब्द पूर्ण रूपात असतात आणि नावात ते तोडून जोडलेले असतात, म्हणून अडतं. पुढच्या क्रमानं जा.

आधी चित्र नाव आहे याची खात्री करा. माणसाच्या डोक्यापासून किंवा पाठीपासून निघालेली बारीक रेघ त्याला जोडलेली हवी. चौकटीत बसलेलं बोरूचं चिन्ह हे नाव नव्हे, ते वर्ष. मेंडोसात वर्षांच्या चौकटी निळसर आहेत. स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला ते १५१९ हे वर्ष 'से आकात्ल', म्हणजे एक-बोरू. टेकडीच्या आकारावर उगवलेलं झाड बहुधा गावाचं नाव असतं. टेकडीवर कोवळी कणसं असली की शिलोतेपेक. तोंडासमोर वळलेला धुरासारखा आकार म्हणजे बोलणं, आणि त्याला फुलं लागलेली असली तर गाणं. नावात्लमध्ये 'फूल आणि गीत' हा जोडशब्दच कवितेसाठी वापरतात. अशा ठिकाणी फूल नावात धरलं की सगळं वाचन बिघडतं.

मग चित्राचे तुकडे मोजा. प्रत्येक तुकड्याचा पूर्ण शब्द कागदावर लिहा आणि शेवटचा त्ल, त्ली, ली किंवा इन काढून टाका. शोचित्ल (फूल) चं शोचि, आकात्लचं आका, नोच्त्लीचं नोच, तोलिन (लव्हाळा) चं तोल, मेत्ल (घायपात) चं मे. दोन शब्द जरा वेगळे वागतात : क्वावित्ल (झाड, लाकूड) चं क्वाव् होतं आणि शिवित्ल (गवत, वर्ष) चं शिव्. मराठी माणसाला ही सवय आहे. आपणही विभक्तीआधी 'पाणी'चं 'पाण्या-' करतो, सामान्यरूप. कारणं वेगळी असतील, पण शब्द जोडणीआधी अंग बदलतो ही जाण इथे कामाला येते.

उरलेले तुकडे आता जोडून बोला. मनात नको, तोंडानं बोला. चित्रात तुकड्यांचा क्रम ठरलेला नसतो. ते एकावर एक, एकात एक, कधी उलटेही बसवलेले असतात. म्हणून सगळे क्रम बोलून बघायचे आणि भाषेत बसतो तो ठेवायचा. शेवटी शेजारी रोमन लिपीत लिहिलेलं नाव असेल तर त्याच्याशी ताडून बघा. ते आधी वाचू नका, नाहीतर डोळ्यांना चित्रात तेच दिसायला लागतं. शिवाय त्या लेखनात ओ आणि उ यांची अदलाबदल होते ('तेनोच'चं 'तेनुच'), आणि शेवटचा न गाळलेला किंवा अक्षरावरच्या रेघेनं दाखवलेला असतो.

सरावाला आकामापिच्त्ली घ्या, तेनोचतित्लानचा पहिला राजा. हात आणि त्या मुठीत बोरूंची जुडी. 'आका' बोरू, 'मापिच्त्ली' मूठभर. मूठभर बोरू, एवढंच नाव आहे. ते एकदा जमलं की हात वळतो.

प्रश्न : झाडं ओळखायलाच येत नाहीत. सगळी सारखीच दिसतात. — विद्यार्थी, फर्ग्युसन रस्ता

सारखी दिसतात कारण चित्रकार झाड बघून काढत नव्हता. ठरलेला साचा काढून जातीची एखादी खूण त्यात घालत होता. खूण कुठे असते ते कळलं की ओळखू येतात.

साधं झाड, क्वावित्ल : तीन फांद्या, टोकांना पानांचे गोळे, तांबूस खोड, खोडावर तिरक्या काळ्या रेघा, आणि जमिनीखालची मुळं उघडी, बरेचदा लाल. हे मनात ठसवून ठेवा. याच साच्यावर फळ, शेंग किंवा काटा आला की जात बदलते. लांब लाल शेंगा दिसल्या तर 'वाशिन', म्हणजे आपल्या सुबाभळीच्या कुळातलं झाड. ते माणसाच्या नाकाशी काढलेलं असलं की वाश्याकाक, आजचं ओआहाका, कारण 'याकात्ल' म्हणजे नाक. खोडात दातांची ओळ दिसली तर बिचकू नका. दात म्हणजे 'त्लान्त्ली', आणि ते '-त्लान' (जवळ, ठिकाणी) या प्रत्ययासाठी आलेत. झाड आणि दात मिळून क्वाव्तित्लान. झाडाला तोंड आणि बोलण्याचा वळसा असेल तर क्वाव्नावाक, ज्याचं स्पॅनिशांनी कुएर्नावाका केलं. 'नावाक' म्हणजे जवळ. पण 'जवळ'चं चित्र काढणार कसं? म्हणून त्याच ध्वनीचा 'स्पष्ट बोलणं' हा शब्द काढला. ही गावांची नावं आहेत, पण माणसांच्या नावांत युक्ती हीच.

घायपात, मेत्ल : जमिनीतून पसरलेली टोकदार पानं, कडांना काटे. पुण्याच्या टेकड्यांवर किंवा कुंपणाला घायपात पाहिलेल्याला हे चित्र लगेच ओळखू येतं.

बोरू आणि बाण यांत गल्लत सर्वांत जास्त होते. पंचांगातल्या दिवसाचं चिन्ह म्हणून येणारं आकात्ल बरेचदा बाणासारखं काढतात, कारण बाणाची काठी बोरूचीच. शेजारचे तुकडे आणि उच्चार यांवरूनच निवाडा करावा लागतो.

मालिनाल्ली हे वळायचं गवत. 'मालिना' म्हणजे मांडीवर दोरी वळणं, आपण सुतळी वळतो तसं. याच्या चिन्हात गवताच्या झुपक्याखाली जबड्याचं हाड किंवा कवटी असते. नवखा माणूस ते मरणाचं चिन्ह समजतो. पंचांगातल्या 'मृत्यू' या दिवसाचं चिन्ह वेगळं आहे, त्यात गवत नसतं. कवटीवर हिरवं उगवलेलं दिसलं की मालिनाल्ली.

आणि एक फसवं चिन्ह : पिसासारखा, थोडा सुरूच्या झाडासारखा उभा झुपका. ते झाडच नव्हे. तो केसांचा झुपका, 'त्सोन्त्ली', म्हणजे ४०० हा आकडा. कराच्या याद्यांत मालाच्या चित्रांवर तो सतत येतो. २० साठी निशाण असतं, ८००० साठी पिशवी.

फूल मात्र सोपं. शोचित्ल बाजूनं काढतात : खाली देठाचा पेला, वर पसरलेल्या पाकळ्या, बहुधा तीन, मधून डोकावणारे केसर. वसाहतकाळात युरोपीय चित्रांची सवय लागली तसं समोरून पाहिलेलं, पानं-देठ असलेलं फूलही येऊ लागलं. म्हणून आकाराला फार चिकटून राहू नका.

प्रश्न : शोचित्ल म्हणजे फूल. मग ती सगळी मुलींची नावं का? — वाचक, हडपसर

नाहीत. आज मेक्सिकोत शोचित्ल हे बाईचं नाव आहे (स्पॅनिश बोलताना 'सोचित्ल' किंवा 'सोचिल'), पण सोळाव्या शतकात हे नाव पुरुषांनाही असे, कारण ते पंचांगातून येई. वीस दिवसचिन्हं आणि एक ते तेरा आकडे, मिळून २६० दिवसांचं चक्र. त्यातल्या बाराव्या, तेराव्या आणि विसाव्या चिन्हावर वनस्पती आहेत : मालिनाल्ली, आकात्ल, शोचित्ल. जन्मदिवसाचं चिन्ह बाळाचं नाव होई. दिवस अशुभ निघाला तर पंचांग वाचणारा त्याच तेरा दिवसांत पुढचा बरा दिवस सुचवी आणि स्नानाचा, नाव ठेवण्याचा विधी तेव्हा होई. आपल्याकडचं नावरस नाव आठवा. नक्षत्रावरून अक्षर येतं, फूल-पान आवडीनं निवडलेलं नसतं.

एक अडचण मात्र आहे. वसाहतकाळातल्या याद्यांत या नावांमधला आकडा बहुतेक वेळा गळलेला असतो. 'चार-फूल'चं नुसतं 'फूल' उरतं. त्यामुळे एकटं फूल दिसलं की ते पंचांगातलं की आवडीचं, हे चित्रावरून ठरवता येत नाही. ठरवण्याचा अट्टहासही करू नये. वेशोत्सिन्को गावाची १५६० ची नोंदवही या बाबतीत सर्वांत श्रीमंत आहे. हजारो कुटुंबप्रमुखांची डोकी, प्रत्येकाला नावाचं चित्र आणि वर रोमन लिपीत नाव. ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि 'गॅलिका' या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. चित्र आणि लिखित नाव शेजारी असल्यामुळे सरावाला याहून चांगलं साधन नाही. गावाचं नावही झाडाचंच : वेशोत्ल, त्याला लहानपणाचा किंवा आदराचा 'त्सिन', आणि स्थळाचा 'को'. हा 'त्सिन' चित्रात माणसाच्या ढुंगणानं लिहितात, कारण 'त्सिन्त्ली' म्हणजे बूड. हसू येईल, पण लिहिणाऱ्याच्या लेखी तो केवळ ध्वनी होता. आदरार्थी नावांतही हेच चिन्ह येतं.

प्रश्न : उच्चार नीट कसे करावेत? — वाचक, औंध

मराठी माणसाला इथे चांगलीच सवलत आहे. रोमनमध्ये 'टी-झेड' लिहिलेला ध्वनी म्हणजे आपल्या 'चूल', 'चाक' यांतला दंत्य च. वर आम्ही सोयीसाठी 'त्स' लिहिलं आहे. 'सी-एच' म्हणजे 'चिमणी'मधला तालव्य च. 'एक्स' म्हणजे श. 'त्ल' एकच व्यंजन धरा : जीभ 'त'च्या जागी टेकवून हवा बाजूनं सोडायची, त्यापुढे स्वर लावायचा नाही. आघात शेवटून दुसऱ्या स्वरावर. ऱ्हस्व-दीर्घ भेद भाषेत आहे, पण चित्रात तो पाळत नाहीत. म्हणून झाडाचं क्वाव् आणि गरुडाचं (क्वाव्त्ली) क्वाव् एकमेकांच्या जागी येऊ शकतात.

प्रश्न : यातल्या कोणत्या वनस्पती आपल्याकडे प्रत्यक्ष बघायला मिळतील? — गृहिणी, बिबवेवाडी

तुमच्या शेजारीच मार्केट यार्ड आहे, दसऱ्याच्या आधी जा. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. त्याचं नाव सेम्पोवाल्शोचित्ल, 'वीस-फूल', म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं. गुलछडीही तिथलीच. तिला ओमिशोचित्ल म्हणतात, हाडाचं फूल. पांढऱ्याशुभ्र कळीकडे बघितलं की नाव पटतं. देवळाबाहेरचा खुरचाफा म्हणजे काकालोशोचित्ल, कावळाफूल. सोनचाफा मात्र आपल्या बाजूचा आहे. त्याच्याच कुळातलं तिकडचं फूल म्हणजे योलोशोचित्ल, हृदयफूल, कारण मिटलेली कळी हृदयाच्या आकाराची. मंडईत टोमॅटो ('तोमात्ल'), मका, मिरची, किराणा दुकानात राजगिरा ('वाव्त्ली'). 'चिकू' या शब्दामागेही नावात्ल शब्दच आहे. तो स्पॅनिशमधून आपल्याकडे पोचला.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांकडून ही चित्रनावं काढून घ्यायची आहेत. दोन तासिका आहेत. काय करावं, काय टाळावं? — शिक्षिका, पुण्यातली शाळा

पहिल्या तासाला नकला, दुसऱ्या तासाला जोडणी.

प्रत्येकाला १० सेंटिमीटर चौरसाचे चार जाड कागद द्या, चकचकीत नकोत. पेन्सिलीनं हलका आकार काढायचा, मग काळी रेघ एकाच जाडीची. ०.८ मिलिमीटरचं पेन चालेल. अप्पा बळवंत चौकात बोरू मिळाला तर फारच छान, मुलं आकात्ल हातात धरूनच आकात्ल काढतील. रेघ पूर्ण वाळू द्या, पाच मिनिटं तरी, नाहीतर रंग भरताना काळा पसरतो. रंग सपाट भरायचा : हिरवा, लाल, पिवळा, निळा, तपकिरी. छटा, सावली, पाकळीवरचा उजेड यातलं काही नको. चित्रकलेच्या वर्गात शिकलेली मुलं इथेच चुकतात. छान फूल निघतं, पण चिन्ह राहत नाही. मूळ चित्रकारांचा लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांपासून मिळे, त्याचं नाव 'नोचेस्त्ली', निवडुंगफळाचं रक्त. हे मुलांना जरूर सांगा.

नकलेसाठी पाच नावं पुरेत : शोचित्ल, तेनोच, आकासित्ली, आवेशोत्ल, आकामापिच्त्ली. चित्राखाली नाव लिहू देऊ नका. शेजारच्या मुलानं ते बोलून ओळखायचं. ओळखता आलं नाही तर बहुधा एखादा तुकडा दुसऱ्यात इतका मिसळलेला असतो की मोजताच येत नाही. तेनोचच्या चित्रात दगडाचे पट्टे पुसट राहिले की सगळे 'नोच'वरच थांबतात.

दुसऱ्या तासाला मुलं स्वतःचं नाव लिहायला मागतील. त्यांना नावाचा अर्थ रंगवायला लावू नका. प्राजक्ताचं फूल काढलं म्हणजे 'प्राजक्ता' लिहिलं असं होत नाही, तिकडचा वाचक ते 'शोचि'च वाचेल. ध्वनी घ्या. पाणी म्हणजे आ, घायपात म्हणजे मे, घेवड्याचा दाणा (एत्ल) म्हणजे ए, हात (माइत्ल) म्हणजे मा, मडकं (कोमित्ल) म्हणजे को, दगड किंवा ओठ म्हणजे ते. अशा चिन्हांचा पद्धतशीर तक्ता स्पॅनिश अभ्यासक आल्फोन्सो लाकादेना यांनी २००८ मध्ये मांडला. नावात्ल लेखक शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटचं व्यंजन सर्रास गाळत, ती मोकळीक मुलांनाही द्या. मग अमेय अगदी सोपा : पाण्याचा निळा पट्टा, त्यातून उगवलेली घायपात, य सोडून दिलेला. 'मामा' म्हणजे दोन हात. र, ड, ग, भ असलेली नावं अडतील, कारण ते ध्वनी त्या भाषेतच नाहीत. रोहित आणि गौरी रुसण्याआधी हे वर्गात आधीच सांगून टाका आणि त्यांना जन्मतारखेवरून एखादं दिवसचिन्ह द्या.